रुळांवरची चौघांची गाडी



आमच्या लहानपणी कुंभवलीहून बोईसर स्टेशनात पायी यावयाचे. तेथे आम्हां पोरांचे लक्ष आगगाडीपेक्षा एका निराळ्याच वाहनाकडे असे. चार लोखंडी चाके, वर लाकडी चौकट, तीवर बाक, बाकावर छत्रीखाली बसलेले साहेब, आणि मागे अनवाणी पायांनी रुळाच्या माथ्यावरून धावणारे दोघे जण. रुळाचा माथा तो केवढा? सुमारे सात सेंटिमीटर रुंद! वेग आला की ते दोघे टुणकन मागे चढत, मंदावला की पुन्हा खाली उतरत. ही पुश ट्रॉली. इंजिनांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत, आम्ही आज हिचा सांगणार आहोत.

आपल्या शेजारून जाणारा मार्ग मूळचा बी. बी. सी. आय. कंपनीचा. गुजरातेकडून आलेले तिचे रूळ १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडला पोचले. पण रूळ घातले म्हणजे काम संपत नाही. पावसाने खडी खचते, उन्हाने पोलाद प्रसरण पावते. चावीवाला रोज पायी फिरून आपला टापू पाहतो, परंतु ज्या निरीक्षकाकडे अनेक मैलांची जबाबदारी त्याला पायी कसे जमावे? आणि धावत्या गाडीच्या खिडकीतून ढिला खिळा दिसत नाही. म्हणून ट्रॉली. हवी तेथे थांबवावी, उतरून सांधा पाहावा, गाडी आली की उचलून बाजूला ठेवावी.

रेल्वेच्या नियमांत हिची व्याख्या आहे. ती प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. चार माणसांना रुळांवरून उचलून बाजूला करता येते ती ट्रॉली, त्याहून जड ती लॉरी. माप मणांत नाही, किलोत नाही, माणसांत! कराराचे मसुदे आम्ही आयुष्यभर वाचले, पण माणूस हे वजनाचे माप म्हणून छापलेले दुसरीकडे पाहिले नाही.

पुलावर उचलून ठेवावयास जागा कोठली? म्हणून लांब पुलांना ठिकठिकाणी ट्रॉलीपुरते सज्जे काढतात. खाली वैतरणेच्या खाडीसारखे पाणी आणि मागून गाडी, अशा वेळी त्या सज्ज्याची किंमत कळते. पुढे विजेचे सिग्नल आले. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की सिग्नलला गाडी कळते. ट्रॉलीमुळे सिग्नल बदलू नये म्हणून तिच्या चाकांमधून वीज जाणार नाही अशी व्यवस्था केली. म्हणजे सिग्नलच्या लेखी ट्रॉली रुळावर नसतेच. भिस्त राहिली ती लाल निशाणावर आणि ट्रॉलीमनच्या कानांवर.

आता दुसऱ्या देशांकडे पाहू. अमेरिकेत मिशिगन प्रांतात जॉर्ज शेफील्ड नावाच्या गृहस्थाने घरी जाण्यायेण्यासाठी रुळांवर चालणारी तीनचाकी स्वतः बनवली. दोन चाके एका रुळावर, तिसरे आडव्या दांड्याने दुसऱ्या रुळावर. परवानगी कोणाची नव्हती. एका रात्री त्याला तुटलेला रूळ दिसला, त्याने येणारी गाडी थांबवली, आणि चोरीची स्वारी राजमान्य झाली! १८७९ साली त्याने पेटंटही घेतले. त्याच देशात माउंट वॉशिंग्टनच्या दातेरी रेल्वेवर कामगार एका फळीवर बसून सुमारे तीन मैलांचा उतार घसरत येत. पावणेतीन मिनिटांत उतरल्याची नोंद आहे. १९०६ साली एक कामगार मेला, तेव्हा ती फळी बंद झाली. कंबोडियात युद्धाने गाड्या विरळ झाल्या, तर बट्टंबांगच्या लोकांनी बांबूचा माचा, दोन आस आणि लहानसे इंजिन जोडून स्वतःची वाहतूक चालू केली. समोरासमोर दोन माचे आले तर ज्यावर माणसे कमी, तो सुटा करून बाजूला काढावयाचा. आमच्या कित्येक सभांना हा नियम लागू करावा असे वाटते.

आपल्याकडे असे खाजगी वाहन रुळांवर घालणे म्हणजे गुन्हा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम विनापरवाना आत शिरणाऱ्यास तुरुंग दाखवते. जिवाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण फरक ध्यानात घ्यावा. शेफील्ड स्वतःच्या गाडीत स्वतः बसत होता. आमच्या ट्रॉलीमनने जन्मभर ट्रॉली ढकलली, उचलली, खांद्यावर वाहिली, आणि पुढचा बाक दुसऱ्याचा राहिला.

एका निवृत्त ट्रॉलीमनला आम्ही विचारले, "काका, त्या बाकावर कधी बसलात का?" त्यांनी आधी दाराकडे पाहिले.

"एकदा, भाऊ. साहेब मालगाडीने पुढं गेले आणि ट्रॉली रिकामी परत आणायची होती. उमरोळीपासून बोईसरपर्यंत चौघं आळीपाळीनं बसलो. दोघं बसायचे, दोघं ढकलायचे."

"मग कसे वाटले?"

"छत्री उघडली होती आम्ही," ते म्हणाले.