दक्षिणा आणि दरमहा : पेशवाईनंतरच्या शास्त्रीवर्गाचे व्यवसायांतर

इ. स. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. त्याच्यामागे पुण्यात जे राहिले त्यांना तनखा नव्हता. शिलेदारांच्या पागा मोडल्या, दरबारी आश्रय संपला. त्यातच पुढील दोन दशकांत धान्याचे भाव उतरले आणि प्रिंगलने बसविलेला सारा रयतेस झेपेनासा झाला. अशा काळात ज्या वर्गाने आपला व्यवसाय बदलून निभाव लावला, त्यात शास्त्रीमंडळींचे उदाहरण विशेष बोधक आहे. शिलेदाराची तलवार नव्या राज्यात निरुपयोगी ठरली, शास्त्र्याचे व्याकरण मात्र ठरले नाही. असे का व्हावे?

आरंभी या वर्गाला बदलाची निकड भासली नाही. पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा एल्फिन्स्टनने कमी प्रमाणात का होईना चालू ठेवली, आणि 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. ब्राह्मणवर्ग दुखावू नये, हा त्यामागील हेतू उघड होता. या टप्प्यात धनी तेवढा बदलला, धंदा तोच राहिला. पुढे सरकारने नव्या लोकांस दक्षिणा देणे थांबविले, तेव्हा हा आधार एका पिढीपुरताच आहे, हे कळून चुकले.

खरे व्यवसायांतर प्रथम मुंबईत, कोशाच्या कामावर घडले. मोल्सवर्थच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या पंडितांचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ 1829 मध्ये छापून निघाला आणि 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. वर्गवार रचलेला पद्यबद्ध अमरकोश ज्यांना मुखोद्गत होता, त्यांना आता वर्णानुक्रमाने शब्द मांडावे लागले. तेही कुणब्याच्या आउताचे आणि वाण्याच्या मापांचे. ज्या भाषेला शास्त्र्याच्या लेखी प्रतिष्ठा नव्हती, तीच त्याच्या चरितार्थाचे साधन झाली. या पंडितांपैकी परशुरामपंत गोडबोले पुढे भाषांतराच्या कामात रमले आणि 1854 मध्ये ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह त्यांनी सिद्ध केला.

तथापि या स्थित्यंतराचे पूर्ण रूप कृष्णशास्त्री चिपळूणकर (1824-1878) यांच्या चरित्रात दिसते. मोरशास्त्री साठे यांच्यापाशी न्याय शिकलेला हा पंडित जुन्या रीतीने दक्षिणेवर विसंबून राहता, तर त्याचे नाव आज कोणास ठाऊक असते की नाही, याची शंकाच आहे. 1851 मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पुणे कॉलेज झाले, त्या सुमारास, पंचविशी उलटल्यावर, त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. लवकरच सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आले. मागोमाग अर्थशास्त्रविषयक लेखन, अरबी गोष्टींचे भाषांतर आणि अध्यापकांच्या शाळेची प्रमुखपदाची जागा. इंग्रजी येणारे तरुण तेव्हा आणखीही होते. परंतु नव्या विद्येसाठी मराठीत परिभाषा घडविण्याचे सामर्थ्य त्यांतील थोड्यांपाशीच होते, आणि ते इंग्रजी शाळेत मिळणारे नव्हते. कृष्णशास्त्र्यांनी दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाची जी चिकित्सा केली, तीतही नैयायिकाची लक्षणे तपासण्याची सवय जागोजाग प्रत्ययास येते. त्यांनी जुनी विद्या टाकली नाही, तिला नवे गिऱ्हाईक शोधले, असे म्हटल्यास ते फारसे अनुचित होणार नाही.

येथे दोन शब्दांचा विचार उद्बोधक ठरतो. ‘वृत्ति’ म्हणजे उपजीविका, आणि आपल्याकडे विशेषेकरून वंशपरंपरेने चालणारा हक्क. ‘नोकर’ हा शब्द फारसीच्या द्वारे आला. त्याचे मूळ मंगोल भाषेत असून तेथे त्याचा अर्थ सोबती असा होता. वृत्ति वारशाने मिळे. नोकरी मिळवावी लागे आणि जाऊही शके. शास्त्रीवर्गाने एकोणिसाव्या शतकात केलेला प्रवास या दोन शब्दांमधला आहे.

हा बदल सर्वांना सुखाचा झाला नाही. 1849 मध्ये गोपाळ हरि देशमुख प्रभृतींनी दक्षिणेच्या निधीतून मराठी ग्रंथांस उत्तेजन द्यावे अशी मागणी केली, तेव्हा सनातनी पुणे खवळून उठले. कारण एकाची बक्षिसे ही दुसऱ्याची बुडालेली दक्षिणा होती. याहून गंभीर आक्षेप वेगळ्या दिशेने आला. जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर पवाडा रचला. दक्षिणा ज्या वर्गाकडे जात होती त्याच वर्गाकडे शाळाखात्याचा दरमहाही गेला, आणि साऱ्याचा बोजा मात्र कुणब्यावरच राहिला, हे त्यांच्या टीकेचे मर्म होय. शास्त्र्यांचे यश बुद्धीचे होते यात संशय नाही. पण त्या बुद्धीला लागलेले भांडवल पिढ्यान्पिढ्यांच्या मक्तेदारीतून साठलेले होते, हे नजरेआड करून त्या यशाचे माप घेता येत नाही.

वडिलांनी कष्टाने मिळविलेली सरकारी चाकरी पुत्राला मात्र रुचली नाही. विष्णुशास्त्र्यांनी 1879 मध्ये शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि 1880 च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले.