मोडीचा फड आणि बाळबोधाचा अंमल

मराठी राज्याच्या उदयास्ताची कथा सांगताना आपले इतिहासकार मोहिमांचे, तहांचे आणि मसलतींचे वर्णन मोठ्या आस्थेने करतात. परंतु त्या मोहिमांची रसद, त्या तहांची कलमे आणि त्या मसलतींचा खर्च ज्याच्या बोरूतून कागदावर उतरला, त्या फडावरच्या कारकुनाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः राज्याचा गाडा चालला तो त्याच्या टिपणांवर. त्याचे काम किती जलद आणि किती बिनचूक होई, हे त्याच्या बुद्धीइतकेच तो ज्या लिपीत लिही तिच्या घडणीवर अवलंबून होते. आणि म्हणून मोडी लिपी जाऊन तिच्या जागी बाळबोध म्हणजे देवनागरी आली, तेव्हा मराठी माणसाच्या नित्याच्या लेखनव्यवहारात कोणाचे श्रम वाचले व कोणाचे वाढले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मोडीचे जनकत्व परंपरेने देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे दिले जाते, आणि शिवकालात तिला जे डौलदार वळण लाभले त्याचे श्रेय बाळाजी आवजी चिटणीस यांना. परंपरेचा भाग वगळला तरी एवढे खरे, की ही लिपी लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी घडलेली आहे. कारकून कागदाला घडी घालून डावीकडे समास सोडी, माथ्यावर ‘श्री’ काढी, आणि मग अक्षरांपूर्वीच कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई. त्या रेषेखाली अक्षरे एकास एक जोडून अशी लिहिली जात, की बोरू उचलण्याचा प्रसंग होता होईतो येऊ नये. शब्दाशब्दांत अंतर नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाही; इकार एकच आणि उकारही एकच. नित्याच्या शब्दांना तर पूर्ण लिहिण्याचेही कारण नसे: परगण्याला ‘प॥’, तर्फेला ‘त॥’, आणि वर्षाचा निर्देश अरबी संख्यावाचकांनी, ‘इसन्ने’, ‘सलास’, ‘अर्बा’ असा ठराविक साच्याने केलेला. मजकूर लांबला म्हणजे खाली दुसरा बंद चिकटवावयाचा आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का करावयाचा, म्हणजे मधला मजकूर कोणी बदलू शकत नसे. शेवटी ‘मोर्तब सूद’ होई, आणि दफ्तरी नोंद झाली म्हणजे ‘बार’ असा शेरा पडे. एका कागदाची ही सारी वाट कारकुनाच्या हातात इतकी मुरलेली असे, की तिच्यासाठी त्याला निराळा विचार करावा लागत नसे. रोजकीर्द लिहावी, तीवरून खतावणी करावी, खतावणीवरून ताळेबंद मांडावा, या क्रमाने दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी कागदावर येई. आणि नाना फडणिसांच्या देखरेखीखाली या कामाला जी शिस्त आली, तिचे प्रत्यंतर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, आजही मिळते.

या वेगाचे मोल मात्र वाचणाऱ्याला द्यावे लागे. ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा, हे मोडीत अक्षरावरून कळावयाचे नाही, संदर्भावरूनच ताडावयाचे. एक शब्द कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो हेही अनुभवाने ओळखावयाचे. फडावर बसणाऱ्यांना ही अडचण भासत नसे, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच तालमीत तयार झालेले असत, पुष्कळदा एकाच घराण्यातले असत, आणि कागदात काय असणार हे त्यांना अर्धेअधिक आधीच ठाऊक असे. मोडी ही जाणत्यांनी जाणत्यांसाठी चालविलेली लिपी होती. पोथ्या, स्तोत्रे आणि ग्रंथ यांसाठी बाळबोध होतीच. कारण पोथी परक्या गावच्या, पुढल्या पिढीच्या, अनोळखी वाचकाच्या हाती जाणार हे लेखकाला माहीत असे. दोन लिपींनी आपापला मुलूख वाटून घेतला होता आणि ती वाटणी शहाणपणाची होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि ही वाटणी मोडत गेली. याची चाहूल मुद्रणाने दिली. विल्यम केरीने श्रीरामपुरास १८१० मध्ये मराठी कोश छापला तो मोडी टंकांत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला तो बाळबोधात. अवघ्या २१ वर्षांत छापखान्याचा कल कोणीकडे गेला हे या दोन ग्रंथांवरून दिसते, आणि त्याचे कारणही उघड आहे: जिचे सौंदर्य आणि जिची गती अक्षराअक्षरांच्या सांध्यांत आहे, ती लिपी सुट्या खिळ्यांत पाडली म्हणजे तिचा गुण जातो आणि दोष तेवढा उरतो. पुढे शाळाखात्याची पुस्तके, वर्तमानपत्रे आणि व्याकरणे बाळबोधात आली, ऱ्हस्वदीर्घाचे नियम ठरले, आणि सुशिक्षित माणसाचा डोळा छापील अक्षराला सरावला. हात मात्र अजून मोडीत चालत होता. शेवटी १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभाराची मुख्य लिपी म्हणून बाळबोधाचा स्वीकार केला. कारण सांगितले गेले ते सोयीचे आणि एकरूपतेचे.

सोय कोणाची, हे पाहणे अगत्याचे आहे. गुजराती, कानडी, मराठी असे निरनिराळे मुलूख ज्या इलाख्यात एकत्र होते, तेथे बदलीवर येणाऱ्या अंमलदाराला, अर्जदाराला आणि नव्याने शाळेतून निघालेल्या उमेदवाराला बाळबोध निःसंशय सोयीची होती. परंतु ज्याने आयुष्य मोडीत घालविले, त्या मामलेदार कचेरीतल्या वयस्क कारकुनाला, गावच्या कुळकर्ण्याला आणि पेढीवरच्या मुनिमाला तिच्यात प्रत्येक अक्षरागणिक हात उचलावा लागला, शब्द तोडावे लागले, आणि ज्या ऱ्हस्वदीर्घाकडे त्याने जन्मात पाहिले नव्हते त्याचा विचार करीत थांबावे लागले. तोच माणूस, तीच भाषा, तोच हिशेब. पण काम सावकाश होऊ लागले. म्हणूनच हुकूम निघाल्यानंतरही खासगी पत्रांत आणि वह्यांत मोडी १९४० च्या सुमारापर्यंत जुन्या पिढीच्या हातून लिहिली जात राहिली. याला हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. हातात मुरलेले कौशल्य हे माणसाचे भांडवल असते, आणि ते एका परिपत्रकाने निरुपयोगी ठरले म्हणजे त्याने ते शक्य तेवढे दिवस वापरीत राहावे, हे स्वाभाविक आहे.

हा इतिहास आजच्या वाचकाला दूरचा वाटू नये, म्हणून आपल्या काळातील एक उदाहरण देतो. एव्हरनोट हे टिपणे ठेवण्याचे संगणकीय साधन पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्याचे संस्थापक स्तेपान पाचिकोव्ह यांची पूर्वीची कीर्ती संगणकाला हस्ताक्षर वाचावयास शिकविण्याबद्दलची, आणि त्यांच्या या साधनाच्या प्रारंभीच्या आवृत्तीत सारी टिपणे एकाखाली एक अशा अखंड पट्टीवर दिसत. बंदाला बंद जोडणाऱ्या आपल्या कारकुनाला ती मांडणी पाहताक्षणी उमगली असती. २०२० मध्ये या साधनाचे बाह्यरूप आणि अंतरंग दोन्ही नव्याने घडविले गेले. निरनिराळ्या यंत्रांवर त्याची निरनिराळी रूपे होती, ती जाऊन सर्वत्र एकच रूप यावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे पुन्हा तीच एकरूपता. परिणामही तोच झाला. नवख्याला सुटसुटीत वाटणाऱ्या त्या रूपात जुन्या वापरकर्त्याला आपल्या सवयीच्या वाटा सापडेनात. फक्त स्वतःच्या यंत्रावर राहणाऱ्या टिपणवह्यांची सोय नव्या आवृत्तीत नव्हती. आणि बोटे आपसूक जेथे जात तेथे आता शोधाशोध करावी लागे. कंपनीने जुनी आवृत्ती तत्काळ मोडीत न काढता २०२४ पर्यंत तिचा पर्याय ठेवला आणि पुष्कळांनी तो धरून ठेवला. एवढा अवधी देणे उचितच होते.

रूप बदलले म्हणजे श्रम नाहीसे होतात, असे नव्या रूपाचे पुरस्कर्ते नेहमी सांगतात. माझ्या मते ते बहुधा एका हातातून दुसऱ्या हातात जातात. मोडीने लिहिणाऱ्याचे श्रम वाचविले आणि वाचणाऱ्याच्या माथी मारले. बाळबोधाने याच्या उलट केले. लोकशिक्षणाच्या युगात वाचणारे अगणित आणि लिहिणारे मोजके, म्हणून बाळबोधाची निवड योग्य होती, याविषयी मला शंका नाही. चूक झाली ती निराळीच. मोडी लिहिणे बंद पडले तेव्हा मोडी वाचणारे तरी तयार करीत राहण्याची तजवीज करावयास हवी होती, आणि ती पुरेशी झाली नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. पण हे काम विद्वानांचे राहिले आणि सामान्य घरांतून मोडीची ओळख दोन पिढ्यांत पुसली गेली.

या विस्मरणाची किंमत किती व्यावहारिक आहे, ते २०२३ मध्ये दिसून आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत बांधून ठेवलेले कागद वाचावयास मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. ज्या लिपीत आजोबांनी सहज सही केली, तिच्यासाठी नातवाला जाणकार गाठावा लागला. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट. तथापि संगणकाला अक्षरे ठाऊक झाली म्हणून रुमाल आपोआप वाचले जात नाहीत.

वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर वा पेटीत जुने मोडी कागद असतील, त्यांना माझी विनंती आहे, की वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घालू नका. जाणत्याला दाखवा, स्वच्छ प्रत करून ठेवा, आणि घरातील एका तरी तरुणाला ही लिपी शिकावयास पाठवा. मराठी येणाऱ्याला ती परभाषा नाही; काही महिने नेटाने सराव केला, तर आपल्याच घराण्याचे कागद आपल्याला स्वतः वाचता येतील.