खोक्यातला दुसरा गिटारिस्ट

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये दोन गिटार होत्या. एक माझी, दुसरी माझ्या रूममेटची. लोकांना आमचं एकच गाणं आवडायचं, आणि त्यातही गाण्यापेक्षा मधला अर्ध्या मिनिटाचा तुकडा. तिथे आम्ही दोघं एकच धून वाजवायचो, पण तो माझ्यापेक्षा वरच्या सुरात. मी ‘सा’वर असलो की तो ‘ग’वर, मी ‘रे’वर आलो की तो ‘म’वर. पाश्चात्त्य संगीतात याला हार्मनी म्हणतात. आम्ही त्याला ‘ती जागा’ म्हणायचो.

इंजिनीअरिंग संपलं. तो एमएस करायला परदेशी गेला, मी पुण्यात कोड लिहायला लागलो. पहिल्या बोनसमधून मी एक जुनं, सेकंडहँड यंत्र विकत घेतलं. १९ इंच रुंद, लोखंडी, रॅकमध्ये स्क्रूने बसवायचं. मी एक सूर वाजवला की त्याच्या जोडीचा दुसरा सूर त्यानेच वाजवायचा, एवढंच त्याचं काम. थोडक्यात, मित्राच्या जागी खोकं.

तीन महिने झटलो, पण ‘ती जागा’ काही जमेना. का जमत नाही ते शोधता शोधता मी या यंत्राच्या इतिहासात शिरलो, आणि तिथे मला माझ्या रोजच्या कामातलाच एक जुना वाद सापडला: बग कशाला म्हणायचं, आणि ते ठरवणार कोण?

वेग आणि सूर यांची फारकत

टेपचा वेग वाढवला की सूर चढतो आणि गाणं लवकर संपतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज आपण दीडपट वेगाने ऐकतो तेव्हा माणूस भरभर बोलतो, पण त्याचा आवाज उंदरासारखा होत नाही. हे आपल्याला इतकं साधं वाटतं, की एकेकाळी तो मोठा प्रश्न होता हे लक्षातच येत नाही. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले होते. १९५० च्या दशकात जर्मनीत फिरतं हेड बसवलेली टेपयंत्रं बनवून ही गाठ सोडवायचे प्रयत्न झाले. पण ती यंत्रं जड आणि नाजूक होती. गिटार खांद्याला अडकवून त्यांच्याबरोबर वाजवणं शक्य नव्हतं.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओच्या तळघरात ‘इव्हेंटाइड’ ही कंपनी सुरू झाली. रिचर्ड फॅक्टर, स्टीव्हन कॅट्झ आणि ऑर्व्हिल ग्रीन हे तिचे संस्थापक. तिथे टोनी अ‍ॅग्नेलो या तरुण इंजिनीअरने एक यंत्र बनवलं. वाजवता वाजवता, त्याच क्षणी सूर बदलून देणारं. १९७४ मध्ये ध्वनी अभियंत्यांच्या प्रदर्शनात त्याचा नमुना दिसला आणि १९७५ मध्ये ते विक्रीला आलं. नाव ‘एच९१० हार्मोनायझर’. ९१० हा आकडा बीटल्सच्या ‘वन आफ्टर ९०९’ या गाण्यावरून गमतीने घेतलेला: ९०९ च्या पुढचा एक. ‘येस’ या बँडचा गायक जॉन अँडरसन याने नमुना वापरून पाहिला होता. कल्पना अशी होती, की एकटा गायक स्वतःच्याच आवाजाशी हार्मनी करेल.

पहिलं गिऱ्हाईक मात्र संगीतातलं नव्हतं. न्यूयॉर्कचं चॅनल ५ ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखवत होतं. जास्त जाहिराती बसाव्यात म्हणून ते किंचित वेगाने चालवायचे. २५ मिनिटांचा भाग चार टक्के वेगाने चालवला तर जवळपास एक मिनिट वाचतं. पण मग सगळ्या पात्रांचे आवाज चढतात. ते पुन्हा जागेवर आणायला त्यांनी हे यंत्र घेतलं.

वही, लिहिणारा आणि वाचणारा

हे यंत्र चालतं कसं? समजा एक जण वहीत ओळीने लिहितोय आणि दुसरा त्याच्या मागून तीच वही मोठ्याने वाचतोय. लिहिणारा म्हणजे गिटारमधून येणारा आवाज, वही म्हणजे यंत्राची मेमरी, वाचणारा म्हणजे बाहेर पडणारा आवाज. वाचणारा जलद वाचू लागला की सूर चढतो, सावकाश वाचू लागला की उतरतो.

अडचण लगेच दिसते. जलद वाचणारा थोड्याच वेळात कोऱ्या पानावर येऊन पोचणार. मग त्याला मागे उडी मारून तेच शब्द पुन्हा वाचावे लागतात. सावकाश वाचणारा मागे मागे पडणार. त्याला काही ओळी गाळून पुढे उडी मारावी लागते. शिवाय वही अगदी लहान. एच९१० जास्तीत जास्त ११२.५ मिलिसेकंदांचा उशीर देऊ शकायचं, म्हणजे सेकंदाच्या नवव्या भागाएवढा. त्यामुळे उड्या सारख्या माराव्या लागायच्या, आणि प्रत्येक उडीला आवाजात एक खटका ऐकू यायचा. यालाच ग्लिच म्हणतात. दुसऱ्या माणसाचा स्वच्छ सूर हवा असलेल्याला हा खटका म्हणजे दातांत अडकलेला खडा.

पण संगीतकारांनी या यंत्राकडून दुसऱ्या माणसाचं काम करून घ्यायचा हट्ट धरला नाही.

१९७६ मध्ये निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी हे यंत्र घेऊन पॅरिसजवळच्या एका जुन्या हवेलीतल्या स्टुडिओत गेला. तिथे डेव्हिड बोवीच्या ‘लो’ या अल्बमचं रेकॉर्डिंग चाललं होतं. याचा उपयोग काय, असं आधी बोवी आणि ब्रायन ईनोने विचारलं, तेव्हा हे काळाच्या विणीशी खेळतं अशा अर्थाचं काहीतरी त्याने त्यांना सांगितलं होतं, शब्द जरा जास्त रांगडे. व्हिस्कॉन्टीने त्यात गळा किंवा गिटार न घालता स्नेअर ड्रम घातला. सूर किंचित उतरवायचा, आणि बाहेर आलेला आवाज पुन्हा यंत्रातच सोडायचा. प्रत्येक फेरीला सूर आणखी उतरतो. टाळी वाजावी आणि ती जिन्यावरून गडगडत खाली जावी, तसा ठोका घसरत जातो. ड्रमर डेनिस डेव्हिसला ते हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. किती जोरात मारलं की किती घसरतं, हे त्याने हाताने शोधून काढलं. म्हणजे तो ड्रम वाजवत होताच, पण ते यंत्रही वाजवत होता. जानेवारी १९७७ मध्ये अल्बम आल्यावर इतर निर्माते व्हिस्कॉन्टीला विचारू लागले, हा आवाज काढलास कसा? त्याने सांगितलं नाही.

नऊ सेंटची रुंदी

गिटारवाल्यांनी त्याहून साधी युक्ती काढली. दोन सुरांमधल्या सर्वांत लहान पायरीचे, म्हणजे हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे, १०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. यंत्राला सूर फक्त नऊ सेंट बदलायला सांगायचं. ४४० हर्ट्झचा सूर ४४२.३ होतो. वेगळा सूर म्हणून तो कानाला कळतही नाही. पण मूळ सुराबरोबर वाजला की दोघं सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा एकमेकांत मिसळतात आणि सुटतात, आणि आवाज रुंद होतो. गणपतीच्या आरतीत वीस जण एकच सूर लावतात, पण कुणाचाच अगदी तंतोतंत तोच नसतो. म्हणून ती आरती भरलेली वाटते. एकाच माणसाचा आवाज वीसपट मोठा केला तरी तो भराव येत नाही.

एडी व्हॅन हेलनचा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला गिटारचा आवाज असाच आहे: मूळ गिटार मधे, एका कानात किंचित चढी, दुसऱ्या कानात किंचित उतरी. अनेक स्टुडिओंत दोन एच९१० शेजारी शेजारी लावून हेच केलं जायचं. त्या यंत्रांचं घड्याळ पुढच्या यंत्रांइतकं पक्कं नव्हतं, सूर थोडा इकडेतिकडे व्हायचा. इंजिनीअरच्या वहीत ही त्रुटी. कानाला मात्र दोन माणसं वाजवतायत असं वाटायचं.

शहाणं यंत्र

इंजिनीअर अर्थातच गप्प बसले नाहीत. इव्हेंटाइडच्या पुढच्या एच९४९ मध्ये खटका घालवायची सोय आली. उडी मारायच्या आधी यंत्र बघायचं, की लहरीचा आकार पुढे कुठे हुबेहूब जुळतोय, आणि तिथेच सांधा द्यायचं. शिंपी चौकटीच्या कापडाला जोड देताना रेघेला रेघ जुळवतो, तसं.

तरी माझ्या मित्राचं काम त्याला येत नव्हतं. कारण सरगमच बघा. शुद्ध स्वरांत ‘सा’पासून ‘ग’ चार पायऱ्या वर आहे, पण ‘रे’पासून ‘म’ तीनच. यंत्राला ‘कायम चार पायऱ्या वर’ असं सांगून ठेवलं, तर ‘सा’वर ते बरोबर ‘ग’ देतं आणि ‘रे’वर तीव्र ‘म’ देऊन गाण्याची वाट लावतं. म्हणजे त्याला नुसतं मोजून भागत नाही. आत्ता कोणता सूर वाजतोय आणि आपण कोणत्या सप्तकाच्या चौकटीत आहोत, हे कळावं लागतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या एच३००० ला ते कळू लागलं. दुसऱ्या कंपन्यांचीही अशी ‘शहाणी’ यंत्रं आली. स्टीव्ह वायच्या १९९० च्या ‘पॅशन अँड वॉरफेअर’ अल्बममधला ‘बॅलेरिना १२/२४’ हा छोटा तुकडा एच३००० शिवाय होऊच शकत नाही. तो एक सूर छेडतो, यंत्र त्याचे वेगळ्या उंचीचे सूर ठरावीक अंतराने मागून सोडतं, आणि वाय पुढचा सूर त्यांच्या फटीत बसवतो. तिथेही यंत्र कुणाची जागा घेत नाही. ते एक नवं वाद्य आहे आणि त्याचा रियाज वेगळा करावा लागतो.

माझी फजिती इथे होती. मी रियाज न करता साथीदार मागत होतो. सूर ओळखणाऱ्या अशा यंत्राला एका वेळी एकच सूर कळतो. शेजारची तार चुकून थरथरली तरी ते गोंधळतं. तार ओढून ‘रे’चा ‘ग’ करताना मधल्या प्रवासात कोणती हार्मनी द्यायची हे त्याला ठरवता येत नाही, आणि ते दोन सुरांत तडफडतं. शिवाय गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एक कंप १२ मिलिसेकंदांचा. सूर ओळखायला निदान दोन कंप ऐकायचे तर २४ मिलिसेकंद गेले. तेवढ्या वेळात आवाज हवेत आठ मीटर जातो. म्हणजे माझा नवा साथीदार, जाड तारेवर तरी, हॉलच्या पलीकडच्या भिंतीशी उभा राहून वाजवत होता.

हार्मोनियमची साथ करणाराही गायकाच्या मागूनच असतो. गायकाने सूर लावल्यावरच त्याचं बोट पडतं. पण चार मैफिली एकत्र केल्यावर त्याला पुढची जागा आधी कळू लागते. यंत्राला फक्त झालेलं माहीत असतं.

खटका परत हवा

गोष्टीचा शेवट मला सर्वांत आवडतो. खटका पूर्ण गेला, यंत्रं अचूक झाली, आणि लोक जुन्या एच९१० च्या शोधात फिरू लागले. एच३००० मध्येच एक सेटिंग असं होतं, की जे दोन जुन्या एच९१० ची नक्कल करायचं. पुढे इव्हेंटाइडने एच९१० चं सॉफ्टवेअर काढलं आणि त्यात मूळ यंत्राचे खटके मुद्दाम, मेहनतीने पुन्हा घातले. २०१८ मध्ये अ‍ॅग्नेलो आणि फॅक्टर यांना टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो आणि समोर ‘बग’ असं लेबल लावलेली चौदा तिकिटं उघडी होती. त्या दिवशी एक तिकीट बंद करण्याआधी, ती गोष्ट रोज वापरणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच फोन केला. तो म्हणाला, हे काढू नका, आमचं काम त्यावरच चालतं. बाकीची तेरा मात्र खरोखरच बग होती.

घरी येऊन मी खोक्यातली हार्मनी बंद केली. माझा मित्र तारा फार दाबून वाजवायचा, त्यामुळे त्याची गिटार नेहमी केसभर चढी लागायची. त्यावरून आमची भांडणं झाली होती. मी यंत्राला माझाच सूर नऊ सेंट चढा करून द्यायला सांगितला. ‘ती जागा’ वाजवली. हार्मनी नव्हती, तरी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खोलीत कुणीतरी दुसरं आहे असं वाटलं.

फक्त शेवटच्या ओळीला तो नेहमी माझ्या थोडा आधी घुसायचा. त्यासाठी मी सगळी बटणं फिरवून पाहिली.