अमेरिकेचे तांब्याचे सेंट : संग्रह आणि मालकीचा माग

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेली एक सेंटची आणि अर्ध्या सेंटची तांब्याची नाणी. पहिल्या सेंटचे वजन सुमारे साडेतेरा ग्रॅम होते. तांबे महागल्यामुळे १७९५ च्या अखेरीस ते १०.८९ ग्रॅमवर आले आणि पुढे तेवढेच राहिले. १८५७ मध्ये लहान, निकेलमिश्रित सेंट आला आणि अर्धा सेंट कायमचा बंद झाला. हे जड तांबे आता चलनातून जाणार असे दिसताच लोक गल्ल्यातली जुनी नाणी निवडून बाजूला ठेवू लागले. नाणी जमवण्याची गोडी अमेरिकेत सामान्य घरांपर्यंत पोचली ती या काळात.

काही जण तर त्याच्या कितीतरी आधीपासून या नादी लागले होते. फिलाडेल्फियात पियानो बनवणारे जोसेफ मिकली १७९९ साली जन्मले. आपल्या जन्मवर्षाचा एक सेंट हवा म्हणून ते शोधू लागले, आणि नेमका त्याच वर्षाचा सेंट हाती लागेना! १७९९ चा सेंट आजही सर्वांत दुर्मिळ वर्षांपैकी एकाचा मानला जातो. १८१५ हा आकडा तर एकाही सेंटवर नाही, कारण इंग्लंडशी झालेल्या युद्धामुळे तांब्याच्या चकत्यांचा पुरवठा तुटला होता.

मार्च १७९३ मध्ये पडलेल्या पहिल्या सेंटच्या दर्शनी बाजूवर मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता होती आणि मागे पंधरा राज्यांच्या पंधरा कड्यांची साखळी. सुरुवातीच्या ठशात कोरणाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून देशाचे नावही अर्धवट, ‘अमेरि.’ असे उमटले. एकोप्याची खूण म्हणून घातलेली ही साखळी लोकांना बेडीसारखी वाटली आणि वर्तमानपत्रांनी टीका केली. ३६,१०३ नाण्यांनंतर साखळी गेली व तिच्या जागी पानांची माळ आली.

त्या काळी ठसे हाताने तयार होत. अक्षरे आणि आकडे एकेक करून ठोकले जात. एखादा आकडा कलायचा, एखादे अक्षर दोनदा उमटायचे. ठसा झिजला वा तडकला की नवा कोरावा लागे. त्यामुळे एकट्या १७९४ च्या सेंटचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत. डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी १८६९ मध्ये त्यांची यादी छापली आणि प्रकारांना टोपणनावे दिली : ‘प्रेमळ चेहरा’, ‘सागरी व्हीनस’, ‘घसरलेला चार’. याच वर्षाच्या एका सेंटच्या मागच्या कडेला ९४ बारीक चांदण्या आहेत. त्या कोणी आणि कशासाठी ठोकल्या, याचा उलगडा झालेला नाही. भिंग घेऊन कडेकडेने पाहत गेले की त्या दिसू लागतात.

१७९३ ते १८१४ या काळातल्या सेंटांच्या प्रकारांना क्रमांक दिले ते विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने, १९४९ च्या आपल्या ग्रंथात. नाण्याची स्थिती मोजणारे १ ते ७० हे गुणही त्याचेच. अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत १ धरली तर सर्वोत्तम नाण्याची ७० भरावी, असा त्याचा हिशोब होता. बाजारभावाने तो हिशोब लवकरच मोडीत काढला, पण गुण टिकले. आज जगभर, सोन्याचांदीच्या नाण्यांनाही, तेच लावतात.

तांबे हा हळवा धातू. त्यावर तपकिरी, ऑलिव्ह, काळसर रंग चढतात, डाग पडतात, ओल लागली की हिरवे पुट धरते. आपल्याकडे तांब्याचे भांडे चिंचेने घासून लखलखीत करतात. जुन्या सेंटचे तसे केले तर त्याची किंमत गेलीच. संग्राहक मऊ केसांच्या ब्रशाने वरची धूळ तेवढी झटकतात. मात्र या हळवेपणातूनच प्रत्येक नाण्याची ओळख तयार होते. गालावरचा ओरखडा, काठावरचा खड्डा, नाण्यावरच्या ‘लिबर्टी’ या शब्दाच्या टोकाशी पडलेला डाग या खुणा पुन्हा तशाच दुसऱ्या नाण्यावर सापडत नाहीत.

मालकीचा माग काढायचा तो याच खुणांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चॅपमन बंधूंच्या लिलाव-सूच्यांत नाण्यांची छायाचित्रे येऊ लागली. उदाहरणार्थ, १९२३ मध्ये विकल्या गेलेल्या बेकविथ संग्रहाच्या सूचीतले चित्र आणि समोरचे नाणे शेजारी धरून खूण खुणेशी जुळवत गेले, की मधल्या मालकांची ओळ उभी राहते. म्हणूनच जुने कागदी पाकीट आणि आधीच्या मालकाने शाईने लिहिलेली चिठ्ठी नाण्याबरोबर सांभाळून ठेवायची असते. ती एकदा कचऱ्यात गेली की त्या ओळीतला एक माणूस कायमचा पुसला जातो.

१९६४ मध्ये लॉर्ड सेंट ऑस्वाल्ड यांच्या संग्रहातली, जणू परवाच पाडलेली वाटावीत अशी १७९४ ची नाणी लंडनमध्ये लिलावात आली. ती याच घराण्याच्या एखाद्या पूर्वजाने अमेरिकेतून आणली असावीत, असा आधी समज होता. पुढच्या संशोधनातून खरे नाव पुढे आले : १७९४-९५ मध्ये अमेरिका हिंडून आलेले यॉर्कशरचे विल्यम स्ट्रिकलंड. एका प्रवाशाने खिशात घालून आणलेली नाणी इंग्लंडमध्ये जवळजवळ १७० वर्षे निवांत पडून होती.

छायाचित्रांशी खुणा जुळवण्याच्या पद्धतीने एक चोरीही उघडी पडली, आणि चोर निघाला खुद्द शेल्डन. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहात जॉर्ज क्लॅप यांनी भेट दिलेले उत्तम सेंट होते. अभ्यासक म्हणून शेल्डनला तिथे मुक्त वावर होता. चांगले नाणे उचलायचे आणि त्याच प्रकारचे आपले हलके नाणे त्या जागी ठेवायचे, असे तो करत राहिला. १९७७ मध्ये तो वारला. जुनी छायाचित्रे आणि खोक्यातली नाणी जुळत नाहीत हे त्यानंतर अभ्यासकांच्या ध्यानात आले. तोवर ती नाणी असलेला शेल्डनचा संग्रह १९७२ मध्येच एका संग्राहकाने विकत घेतलेला होता. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. चोरी कळेपर्यंत मूळ मालकाची दावा करण्याची मुदत सुरू होत नाही, असे अपील न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले, आणि अखेर निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. ज्याच्या क्रमांकांशिवाय आजही या नाण्यांचे नाव घेता येत नाही, त्यानेच ती चोरावीत, हे सेंटप्रेमींना फार लागले.

काही नाण्यांची पूर्वकथा मात्र त्यांच्या धातूतच आहे. टॅलबट, अ‍ॅलम अँड ली ही न्यूयॉर्कची पेढी हिंदुस्थानाशी व्यापार करी. तिने १७९४ आणि १७९५ सालांचे तांब्याचे टोकन काढले होते. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला मालाच्या गाठोड्यापाशी उभी देवता. चकत्यांची चणचण असताना टांकसाळीने ही टोकन वजनावर विकत घेतली, कापून लहान केली आणि त्यांवर अर्ध्या सेंटचा ठसा मारला. १७९५ आणि १७९७ च्या काही अर्ध्या सेंटांवर, प्रकाश तिरपा पडू दिला, तर नव्या छापाखालून त्या जुन्या टोकनावरच्या रेषा अजून वर येताना दिसतात.