शनिवारचा खाऊ

दिवाळीच्या अंकात दातांविषयी लिहिणे म्हणजे लाडवाच्या डब्यात कडुलिंबाची डहाळी खोचणे! पण ही हकीकत गोडाचीच आहे. फक्त तिच्या तळाशी कडवटपणा आहे.

स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे शनिवारी देण्याचा रिवाज रुळला आहे. त्याचे मूळ लुंड गावच्या विपेहोल्म रुग्णालयात सापडते. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे तेथे राहत. १९४५ साली तेथे दंतक्षयाचे संशोधन सुरू झाले. पुढे काही रुग्णांना दिवसाला २४ चिकट टॉफ्यासुद्धा देण्यात आल्या. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबरची साखर फारशी बाधत नाही. येताजाता चघळलेली चिकट गोडी मात्र दात पोखरते. प्रत्येक वेळी तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, आणि ते निवळायला लाळेला उसंतच मिळत नाही.

त्यावरून आरोग्यखात्याने सल्ला दिला : गोड आठवड्यातून एकदाच. मला यातले शहाणपण मोलाचे वाटते. नुसती बंदी मुलाला चोरून खायला शिकवते. वार ठरला की वाट पाहण्यातही गोडी येते. शेजारची मुलेही शनिवारचीच वाट पाहत असली, म्हणजे हट्टाला जागा उरत नाही.

पण ज्यांच्या दातांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. कित्येकांचे दात कायमचे नासले. त्यांचे ऋण आपल्यावरही आहे. तेव्हा वाचकहो, करंजी मुलांच्या पानात अवश्य वाढा; डबा मात्र दिवसभर उघडा ठेवू नका.