आंबापाणी, रावलापाणी आणि मधली हद्द

आमच्या सातपुड्यात गावांची नावे पाण्यावरून पडलेली आहेत. आंबापाणी, रावलापाणी, अशी कितीतरी. नकाशात एकाच नावाची दोन-तीन गावेही सापडतात, त्यामुळे बाहेरचा माणूस गोंधळतो. पण इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या डोंगरात जिथे जिथे सरकारी बंदुका चालल्या, तिथे बहुधा पाणी होते. साहजिकच आहे म्हणा. डोंगरात लपलेला माणूस उन्हाळ्यात पाण्याशीच येणार, आणि पाठलागावरच्या फौजेलाही ते ठाऊक असणार.

आंबापाणीची लढाई 11 एप्रिल 1858 ची. नायक होता खाज्या नाईक. हा मूळचा काही बंडखोर नव्हे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती, म्हणजे इंग्रजांचाच नोकर. मध्यंतरी तुरुंगवास भोगून आला, 1857 साली पुन्हा कामावर घेतला गेला, आणि त्याच वर्षी उलटला. नोव्हेंबरात इंदूरकडून मुंबईला निघालेला सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना त्याच घाटात लुटला गेला. ज्याने घाट राखला त्यालाच घाटाच्या खाचाखोचा माहीत! पुढे फौज आली, आंबापाणीला मोठी चकमक झाली, पकडलेल्यांना जागच्या जागी गोळ्या घातल्या आणि बायकामुलांना कैद केले. खाज्याचा साथी भीमा नाईक पुढे काळ्या पाण्यावर गेला आणि तिकडेच वारला.

आता यात हद्दीचा प्रश्न कसा येतो ते सांगतो. त्या वेळी खानदेश इंग्रजांचा आणि डोंगरापलीकडे बडवानीचे संस्थान. खाज्याची माणसे या दोन राज्यांच्या सांध्यात वावरत. आज तोच सांधा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यामध्ये आहे. म्हसावदहून शहाद्याला जाऊन खेतियाची गाडी धरली की तासाभराच्या आत पाट्या हिंदीत सुरू होतात. माणसे मात्र तीच. आपल्याकडे ज्यांना पावरा म्हणतात तेच पलीकडे बारेला. रोटीबेटी व्यवहार चालू, होळी एकच, भोंगऱ्याच्या बाजाराला इकडचे तिकडे जातात. पण इतिहास मात्र हद्दीवर तुटतो. तिकडच्या मुलांना भीमा नाईक ठाऊक, इकडच्यांना शिरीषकुमार. शाळेत असताना मी पाहिले आहे, पाड्यावरच्या मुलाला प्लासीची लढाई तोंडपाठ, आणि आपल्याच डोंगरातली आंबापाणी त्याने ऐकलेलीही नसते.

शिरीषकुमार मेहतांबद्दल मी इथे फार लिहीत नाही, ते सर्वांना माहीत आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारच्या चौकात मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. पंधरा वर्षांचा शिरीष आणि त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम अशी पाच मुले गेली. एवढेच लक्षात आणून देतो की शिरीषची घरची भाषा गुजराती होती आणि मिरवणुकीतली घोषणाही गुजरातीत होती. नंदुरबार हे असेच गाव आहे, तीन भाषांचे.

रावलापाणीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तळोद्याच्या पलीकडे ते कोणाला माहीत नाही. गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये दारूबंदीची चळवळ उभी केली. आरतीसाठी हजारो माणसे जमत. एकमेकांना अरेतुरे न करता ‘आप’ म्हणायचे, म्हणून तो आप संप्रदाय. ज्याला सावकार, फौजदार आणि गुत्तेवाला ‘ए’ म्हणून हाक मारत, त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे! 1938 साली महाराज गेले, बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. त्यात महायुद्ध सुरू झाले. युद्धाच्या दिवसांत एवढा जमाव सरकारला परवडणारा नव्हता. बंदी आली, हद्दपारी आली. आणि 2 मार्च 1943 रोजी रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. दगडांवरच्या खुणा लोक आजही दाखवतात, आणि दरवर्षी त्या तारखेला अभिवादनाला जमतात.

अलीकडे सीमेपलीकडच्या वारसा-वाटांची कल्पना जगभर बोलली जाते. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया ज्या डोंगरात लढले, तिथे आता स्लोव्हेनिया आणि इटली मिळून आल्प्सपासून समुद्रापर्यंत एक पायवाट चालवतात. नावच ‘शांतीची वाट’. 1917 साली कोबारिदला इटलीचा दारुण पराभव झाला, आणि त्याच कोबारिदचे संग्रहालय बघायला आज इटलीचे लोक येतात. 2023 साली युनेस्कोने बेल्जियम आणि फ्रान्समधल्या युद्धस्मरणाच्या 139 जागा एकत्र जागतिक वारसा यादीत घातल्या. दोन देशांचा एक अर्ज! न्यू शापेलला आपल्या हिंदी शिपायांचे स्मारक आहे, तेही त्यात येते.

मग दोन राज्यांना हे का जमू नये? नंदुरबारचा चौक, रावलापाणी, तोरणमाळ, खेतिया, सेंधव्याचा किल्ला, आंबापाणी, बडवानीकडचे भीमा नाईकांचे स्मारक. तीन-चार दिवसांचा प्रवास होतो. राजस्थान-गुजरातच्या हद्दीवर मानगढ आहे, जिथे 1913 साली गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर गोळीबार झाला. ती टेकडी दोन्ही राज्यांची आहे, आणि दोन्हीकडून लोक येतात.

पण मला दोन शंका आहेत. पहिली ‘युद्धस्थळ’ या शब्दाची. आंबापाणीला युद्ध म्हणता येईल. नंदुरबारला आणि रावलापाणीला ते कसे म्हणायचे? एका बाजूला बंदुका आणि दुसऱ्या बाजूला झेंडा किंवा आरती. फलकावर काय लिहायचे ते आधी ठरले पाहिजे. शिवाय धरणगावला 1825 साली आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली होती. सरकारच्या बाजूनेही भिल्ल होते, हे फलकावर येणार की गाळले जाणार?

दुसरी शंका पैशाची. आमच्या जिल्ह्याला लागूनच गुजरातेत केवडियाला 2018 मध्ये जगातला सर्वात उंच पुतळा उभा राहिला. तिथे गर्दी लोटते. त्याच नर्मदेच्या पाण्यात आमच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली गावे गेली, मणिबेली त्यांतले आधीचे. तिथली माणसे बशीतून उतरणाऱ्या पाहुण्यांकडे कोणत्या नजरेने पाहत असतील? म्हणून मोठे उद्यान, रोपवे, दिव्यांचा खेळ असे काही नकोच. रावलापाणीला चपला काढून जावे असे ते ठिकाण आहे. जीपगाडीतून दहा-बारा माणसे यावीत, पाड्यावरच्या घरी राहावीत, ज्वारीची भाकरी खावी, निघताना धडगावचा आमचूर घ्यावा आणि त्याचे पैसे त्याच घरात द्यावेत. वाट दाखवणारा मुलगा पावरीत, मराठीत आणि हिंदीत बोलणारा असावा. असे मुलगे हव्या तितक्या संख्येने आहेत, पदवी घेऊन घरी बसलेले.

काम सुरू करायचे तर आधी म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून घ्यावे लागेल. 1943 साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदी ओलांडून गेला. तळोद्याकडे अशी किती माणसे उरली असतील, बोटांवर मोजावी लागतील. पर्यटन महामंडळाची बैठक पुढच्या वर्षी झाली तरी चालेल, पण ती माणसे पुढच्या वर्षापर्यंत थांबतील असे नाही. कॉलेजातल्या मुलांनी मोबाईल घेऊन या पावसाळ्याआधीच निघावे, नाल्यांना पाणी आले की काही पाड्यांची वाट बंद होते.