संसारातली ख्रिस्ती भक्ती : प्रस्तावना

भक्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. जात्यावरची ओवी, वारीची वाट, तिन्हीसांजेचा दिवा यांतून तो शब्द लहानपणीच त्याच्या कानावर आलेला असतो. पण याच भाषेत, याच ओवी-अभंगांत चारशे वर्षे एक ख्रिस्ती भक्तिपरंपराही नांदते आहे, याची पुष्कळ चांगल्या वाचकांना कल्पना नसते. नाताळात चर्चवर टांगलेली चांदणी दिसते. आत रविवारी पेटी-तबल्यावर अभंग म्हटले जातात, हे ठाऊक नसते. ही प्रस्तावना मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे. ज्यांच्या घरात 'उपासना संगीत' हे उपासनेच्या गीतांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पदे पाठ असल्यामुळेच त्यांच्याकडे थांबून पाहायचे राहून गेले आहे, त्यांनाही तिचा उपयोग व्हावा.

सुरुवात मूळ वचनापासून करू. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले, तेव्हा त्याने नवे काही सांगितले नाही. धर्मनिष्ठ यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ जे म्हणतो, तेच त्याने म्हटले. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले ते वचन. (येथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, पुन्हा सांगणे.) देव एकच, आणि त्याच्यावर प्रीती करायची ती अंतःकरण, जीव आणि शक्ती यांतले काहीही मागे न ठेवता. मार्कच्या शुभवर्तमानात या तिघांत बुद्धीचीही भर पडते. एवढी मोठी मागणी केल्यावर पुढच्या ओळींत उपास, यात्रा, होम असे काहीतरी येईल, अशी आपली अपेक्षा असते. तसे काही येत नाही. येतात ती मुले. घरात बसताना, वाटेने जाताना, निजताना, उठताना हे बोलत राहा, दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा, असे सांगितले आहे. आज्ञा संपूर्ण मनाची आहे आणि तिचा पत्ता घराचा आहे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी या विषयाचे दार उघडले असे समजावे.

यातला 'शक्ती' हा शब्द मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ हिब्रू शब्द 'मेओद'. त्याचा रोजचा अर्थ नुसता 'फार', 'अतिशय' असा. तुझ्या सगळ्या 'फार'ने प्रीती कर, असे म्हटल्यासारखे ते होते. जुन्या यहुदी आचार्यांनी या अडलेल्या शब्दाचा एक अर्थ केला तो मोठा व्यवहारी आहे : मेओद म्हणजे तुझी मालमत्ता, तुझा पैसा. त्यांनी अंतःकरणाचाही असाच उलगडा केला. मनातल्या बऱ्या आणि वाईट अशा दोन्ही ओढींनिशी देवावर प्रीती करायची, असे त्यांचे म्हणणे. मला हा अर्थ फार धीर देणारा वाटतो. मन आधी स्वच्छ करून या, असे तो म्हणत नाही. आहे ते सगळे घेऊन या, म्हणतो.

'मेओद'चा हा अर्थ मराठीत वाचायचा असेल तर टिळकांच्या घरात शिरावे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि त्यांचे अभंग वाचताना तो पूल पायाखाली जाणवतो. हाती आलेला पैसा दुसऱ्याची गरज पाहून देऊन टाकायचा, वाटेत भेटलेल्या माणसाला घरी जेवायला आणायचे, अनाथ पोरांना घरात ठेवून घ्यायचे, हा त्यांचा स्वभाव. 1917 साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. हे सगळे वाचताना आपण हरखून जातो आणि मग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडतो. तेथे रिकामा डबा दिसतो. नवऱ्याने देवासाठी सोडलेल्या पैशाचा हिशेब चुलीपाशी बसलेल्या बाईला द्यावा लागतो. एकाच्या सर्वस्वदानाची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत असते, ही गोष्ट भक्तिसाहित्यात सहसा लिहिली जात नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली. रडून नव्हे, हसत-खिदळत, नवऱ्यावरची माया जराही कमी न करता. माझ्या मते आपल्या भाषेतले ख्रिस्ती भक्तीवरचे सर्वांत सच्चे पुस्तक तेच आहे, आणि त्यात उपदेश म्हणून लिहिलेले जवळजवळ काही नाही.

त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या 1900 साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मधली काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि परत त्याच माणसाच्या घरी आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडवला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. बाप्तिस्म्याचे पाणी नंतर आले, आधी आले ते पिण्याचे पाणी. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरे करायला, शाळेत फारशा न गेलेल्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय लिहिले.

बुद्धीने प्रीती करणे म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंकडे पाहावे. संस्कृतात भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या या विदुषीने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे भाषांतर हाती घेतले, ते हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून. आणि घातलेला दंडक असा, की खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला अडेल असा जड संस्कृत शब्द वापरायचा नाही. स्वतःची सगळ्यात मोठी कमाई त्यांनी बाजूला ठेवली. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले. रमाबाई 1922 साली गेल्या; संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघाले.

या सर्वांच्या मागे, दूरवर, गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उभा आहे. 1616 साली रायतूर येथे छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि कानाला दुसरे काही नव्हते, त्या उणिवेतून ते आले. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही, कारण ते मोठ्याने वाचायचे आहे. रोज दहा-बारा ओव्या पुरे.

आता वाचायचे कसे? वाचकांनी ही पुस्तके धर्मांतराचा इतिहास म्हणून तेवढी चाळू नयेत. तो वाद खरा आहे, महत्त्वाचाही आहे. पण त्याच चष्म्यातून पाहिले तर चूल, डबा, आजारपण, उधारी हे सगळे नजरेतून सुटते, आणि आपला विषय तर तेथेच आहे. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर संकोच करू नका. ओवी-अभंगाचा कान तुमच्याकडे आहे, तो येथे पुरतो. ख्रिस्ती असाल तर पाठ असलेले पद एकदा कागदावर उतरवून पाहा. माझ्या पाहण्यातली 'उपासना संगीत'ची एक जुनी प्रत आहे, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला, कडांना हळदीची बोटे. तिची सर्वांत मळलेली पाने नाताळच्या गीतांची नाहीत, संध्याकाळच्या प्रार्थनेची आहेत. स्वयंपाक करता करता शब्द अडला की ती उघडली जात असे.

क्रम विचाराल, तर पहिले 'स्मृतिचित्रे', मग टिळकांचे अभंग, त्यानंतर मार्कचा बारावा अध्याय, आणि 'ख्रिस्तपुराण' सवडीने. 'स्मृतिचित्रे' मराठी ग्रंथालयात सहज मिळते. फक्त ते धर्माच्या कपाटात शोधू नका, आत्मचरित्रांत पाहा.